परक्या सावलीची पाठवणी

तामिनताईच्या आणि आमच्या घरात एकच भिंत होती, मातीची. तिच्या बाजूला पीठ चाळलं तरी मला ऐकू यायचं. माझ्या बाजूला नवराबायकोचं वाजलं की दुसऱ्या दिवशी ती काही न विचारता कांद्याची एक जुडी दारात ठेवून जायची. मी लग्न होऊन येब बेटावर आले तेव्हा मला सासू नव्हती. "मला सून नाही, तुला सासू नाही. चल, एकमेकींवर भागवू," असं म्हणून तिनं मला सूनबाई करून टाकलं, ते शेवटपर्यंत.

उंच, काटकुळी बाई. भट्टीच्या धगीनं डावा डोळा कायम अर्धा मिटलेला, त्यामुळे ती सतत कुणालातरी जोखते आहे असं वाटायचं. नवरा समोरच्या काठावर, सायीनच्या दगडखाणीत गेला, शिळा सरकली. त्यानंतर ती भाकऱ्या भाजून किल्ल्यातल्या ग्रीक शिपायांना विकायची. एकदा एक शिपाई घास थुंकून म्हणाला, "बाई, यात वाळू आहे!" ही म्हणाली, "आहेच. नाहीतर तुमचे दात कोण घासणार? तुमची आई येणार आहे का समुद्रापलीकडून?" सगळी तुकडी हसली. तो शिपाई पुढे तिच्याकडूनच भाकरी घ्यायचा.

अशा बाईला मी एकाच गोष्टीपायी घाबरलेलं पाहिलं. तिच्या लेकीच्या सावलीपायी.

नेबेत तिला उशिरा झालेली. डोकं तासलेलं, कानावर एकच बट, पुढचा एक दात पडलेला, आणि तोंडाची टकळी आईसारखी. नदीला हिरवं पाणी येतं त्या सुमाराला वर्षातून एकदा आमच्याकडे बिनसावलीची दुपार असते. त्या दुपारी कुणी उघड्यावर राहत नाही. गुरं गोठ्यात, बदकांच्या खुराड्यांवर चटया, होड्यांच्या डोलकाठ्यासुद्धा आडव्या पाडून ठेवतात. त्या घटकेला सावल्या सुटतात, दावं सोडलेल्या गुरांसारख्या. सूर्य जरा कलला की आपापल्या गोठ्यात परत येतात. माणूस छपराखाली असेल तर त्याची सावली त्याच्यापाशीच असते, तिला सुटायला वाव नसतो. आम्हाला हे आईच्या दुधाबरोबर कळलेलं. पण पोरांना कळून उपयोग काय? तामिनताईचं एक बदक चटईखालून निसटलं आणि नेबेत त्याच्यामागे धावली. हाका मारेपर्यंत बदक बगलेत घेऊन हसत आतसुद्धा आली.

"काही झालं नाही ना गं?" तामिनताईनं तिला चाचपून पाहिलं.

"पाय भाजले," नेबेत म्हणाली. तेवढंच.

ती सावली पहिल्यांदा मी पाहिली. मी गच्चीवर मासे वाळत घालत होते आणि नेबेत खाली अंगणात पीठ घेऊन चालली होती. तिच्यामागे सावली होती, पण जरा उशिरा चालणारी. लहान पोराला बाजारात हाताला धरून ओढत न्यावं, तशी. नेबेत थांबली, मग सावली थांबली. मला वाटलं माझ्या डोळ्यांवर ऊन आलं. मग ती भिंतीपाशी गेली, सावली भिंतीवर चढली, आणि माझ्या हातातला मासा खाली पडला. नेबेतचं डोकं तुळतुळीत. भिंतीवरच्या डोक्याला केस होते. मोकळे, कुरळे, वाऱ्यानं उडाल्यासारखे. वारा तर नव्हताच.

मी तामिनताईला सांगितलं नाही. ती स्वतःच म्हणाली, काही दिवसांनी, कणीक मळता मळता, माझ्याकडे न बघता. "सूनबाई, तू पाहिलीस ना?"

"पाहिली, ताई."

"अजून एक आहे. दुपारी आपल्या सगळ्यांच्या सावल्या तोकड्या होतात, तेव्हा तिची आपल्यापेक्षा थोडी लांब असते. जरासंच. पण असते." ती मळत राहिली. "जशी काही तिच्यावर वेगळाच सूर्य उगवलाय."

खनूम देवाच्या देवळातल्या पुजाऱ्यानं नेबेतला उन्हात उभं केलं, तिच्याभोवती एक फेरी मारली आणि बाकी फेऱ्या न मारताच आत निघून गेला. पाय धुऊन बाहेर आला तेव्हा म्हणाला, "परकी सावली अंगाला लागत नाही. अन्न खाईल पोर, पण ते तिच्या अंगी लागायचं नाही. पुढची बिनसावलीची दुपार ती ओलांडणार नाही, तामिन. देवानं चाकावर माती घेऊन हिला घडवलं ते तिच्या सावलीसकट. अर्धी मूर्ती टिकत नाही."

"मग तिची कुठं आहे?"

"ते देवालाच माहीत."

"देवाला विचारा की मग. मी रोज पहिली भाकरी कुणासाठी पाठवते?"

पुजारी पुन्हा आत निघून गेला. आणि खरंच पोर वर्षभर हलकी होत गेली. आजारी म्हणावं तर ताप नाही, खोकला नाही. खायची, खेळायची, पण कडेवर घेतली तर वाळल्या गवताची पेंढी उचलल्यासारखं वाटायचं. बोलता बोलता मध्येच गप्प व्हायची आणि एखादा शब्द बोलायची, आमचा नसलेला. 'थालासा,' असं म्हणायची. दाराबाहेर, उत्तरेकडे बघत. "थालासा कुठं गेला?"

"कोण गं थालासा?" आई विचारायची.

"मला काय माहीत," नेबेत म्हणायची, आणि तिलाच रडू यायचं.

पुन्हा नदीला हिरवं पाणी यायला लागलं, तेव्हा अलेक्झांड्रियाहून तो ग्रीक आला. डेमोफॉन त्याचं नाव. पोट सुटलेला, उन्हानं नाक सोललेला, सतत घाम पुसणारा माणूस. त्याच्याबरोबर काशाचं एक खोलगट वाडगं होतं, त्याच्या बुडातून एक सुई उभी आणि आतून रेघा कोरलेल्या. शिवाय खुणा केलेल्या काठ्या. आमची भाषा तो दाईच्या दुधाबरोबर शिकलेला, त्यामुळे बोलायचा झकास, फक्त लहान मुलासारखा. माझा नवरा पखोम धबधब्याच्या खडकांतून नावा काढून देतो. त्याला डेमोफॉननं सांगितलं की बिनसावलीच्या दुपारी माणसं हवीत. काही नदीच्या वरच्या अंगाला, काही खालच्या, ठरल्या ठिकाणी उघड्यावर उभी. प्रत्येकानं एक खुंटी रोवायची आणि तिची सावली पडते का नाही ते बघायचं.

"त्या दुपारी? उघड्यावर?" पखोम म्हणाला. "पाहुणे, त्यापेक्षा मगरीचे दात मोजायला सांगा."

"फक्त सावली बघायची आहे, भाऊ."

"आम्हाला तीच तर बघायची नसते!"

शेवटी माणसं तयार झाली. का झाली ते मला नंतर कळलं. सगळ्यांनी आपापसात ठरवलं होतं की खुंट्या रोवून द्यायच्या, आपण झाडांखाली चटया पांघरून बसायचं, आणि पाहुण्यांना "नव्हती हो सावली" असं सांगून टाकायचं. कुणी बघितलंय? बेटावरच्या जागेवर, जिथं तो स्वतः वाडगं घेऊन बसणार होता, तिथं मात्र मदतीला एकही जण मिळेना. तेव्हा तामिनताई भाकऱ्यांची टोपली खाली ठेवून म्हणाली, "मी उभी राहते. पण आधी मला सांगा, तुम्हाला आमच्या नसलेल्या सावलीचं काय करायचंय?"

तो आमच्या अंगणात बसला. मी कलिंगड कापायला घेतलं होतं, ते त्यानं माझ्या हातून काढून घेतलं आणि बाभळीचे दोन काटे मागितले. एक काटा कलिंगडात वरच्या बाजूला रोवला, दुसरा त्याच्यापासून थोडा बाजूला. मग ते उन्हात धरून फिरवत फिरवत असं थांबवलं की वरचा काटा नेमका सूर्याकडे रोखला गेला आणि त्याची सावली त्याच्याच बुडाशी मिटली.

"ही तुमची सायीन," तो म्हणाला. "आता दुसऱ्या काट्याकडे बघा."

दुसऱ्या काट्याची सावली होती. बारीकशी, कलिंगडाच्या हिरव्या सालीवर पडलेली.

"ती अलेक्झांड्रिया. तीच दुपार, तोच सूर्य, पण काठीची सावली पडते, कारण जमीन गोल आहे, या फळासारखी. ती सावली केवढी ते माझ्या गुरुजींनी तिथं मोजलंय. तिच्यावरून कळतं की तुमच्या-आमच्यामधली वाट म्हणजे सबंध फळाची एक फोड. अशा पन्नास फोडी झाल्या की सगळी पृथ्वी. इथं सावली खरंच नसते का, एवढं मला डोळ्यांनी बघायचंय. मग पृथ्वी केवढी ते सांगता येईल."

मला कलिंगड गोल आहे हे कळलं, पृथ्वीचं मला काही पटेना. खालच्या बाजूची नदी सांडत कशी नाही? पण तामिनताई त्या दोन काट्यांकडे बघत अर्धा डोळाही मिटून बसली होती.

"म्हणजे," ती हळूच म्हणाली, "ज्या घटकेला आमच्या सावल्या इथून जातात, त्याच घटकेला तिकडे सावल्या असतात."

"असतात, बाई."

"मग त्या कुणाच्या?"

तो हसला. "ज्याच्या त्याच्या. काठीची काठीला, माणसाची माणसाला."

"तुम्ही मोजल्यात, पण विचारलंत का त्यांना?" ती म्हणाली. "इथून सुटलेली सावली जाणार कुठं? जिथं त्या घटकेला सावल्यांना थारा आहे तिथंच ना? आणि परत निघताना गर्दीत एखादी चुकली, तिथली एखादी इकडे आली, तर?"

"बाई, असं नसतं."

"थालासा म्हणजे काय हो?"

त्याचा घाम पुसणारा हात थांबला. "समुद्र. आमच्या भाषेत. का?"

तामिनताईनं नेबेतला हाक मारली. पोर आतून आली, उन्हात उभी राहिली, पाहुण्याच्या वाडग्यातल्या सुईला बोट लावायला वाकली. तिची सावली जरा थांबून वाकली. डेमोफॉननं ते पाहिलं. मी त्याच्या तोंडाकडेच बघत होते. त्यानं पाहिलं, मग दुसरीकडे बघितलं, मग कलिंगडातले काटे अगदी मन लावून उपटायला लागला.

"उन्हानं डोळ्यांसमोर काहीबाही येतं," तो म्हणाला.

"येतं खरं," तामिनताई म्हणाली. "वर्षभर येतंय."

त्या दुपारी सगळ्या बेटावर दारं लागली. मी पखोमला 'ताईकडे बसते' म्हणून सांगितलं होतं, आणि ताई तर निघाली होती बाहेर. मी तिच्यामागे गेले. का ते विचारू नका. एकटी बाई पोराला कडेवर घेऊन रिकाम्या वाटेनं चाललेली मला बघवेना. आम्ही नदीकाठच्या मोकळ्या वाळूत पोचलो. डेमोफॉन वाडग्याशी ओणवा बसला होता. ताईनं नेबेतला खाली उभं केलं.

नदीचाही आवाज नव्हता. एरवी खडकांतून पाणी दिवसरात्र बडबडत असतं, ते कुणीतरी तोंडावर हात ठेवल्यासारखं दबलेलं. पक्षी नाहीत. माझी सावली माझ्या पावलांत शिरत होती, पांघरुणात पाय ओढून घ्यावेत तशी. तामिनताईची तशीच. वाळूतल्या दगडांखालची काळी किनार गेली, गवताच्या पात्यांखालची गेली. सगळं जग चिताऱ्यानं रंगवलेल्या भिंतीसारखं सपाट झालं. कुठल्याच वस्तूला जमिनीचा आधार राहिला नाही. माझेच पाय मला वाळूच्या जरा वर टांगल्यासारखे दिसले, आणि मी डोळे मिटून घेतले.

"नाही!" डेमोफॉन आनंदानं ओरडला. "वाडग्यात सावली नाही! एका केसाएवढीसुद्धा..." मग त्याचा आवाज बदलला. "बाई, पोरीला बाजूला घ्या. तिची सावली पडतेय माझ्या काठीवर."

मी डोळे उघडले. आमच्या तिघांखाली नुसती पांढरी वाळू होती. नेबेतच्या पायाशी मात्र सावली होती. उत्तरेकडे पडलेली, आखूड, काळी कुळकुळीत, मोकळ्या केसांची.

त्यानं सवयीनंच केलं ते. मोजणारा माणूस, खुणा केलेली काठी त्या सावलीला लावली, मग नेबेतच्या उंचीला लावली, आणि तसाच बसून राहिला. सोललेल्या नाकावरून घाम टपकत होता, तो त्यानं पुसला नाही.

"एवढीच पडते," तो म्हणाला. "तिकडे. गुरुजींच्या अंगणात, या घटकेला. नेमकी एवढीच."

"मी म्हटलं नव्हतं?" तामिनताई म्हणाली, आणि तिनं नेबेतला उचलून कडेवर घेतलं.

सावली वाळूवरच राहिली. वर कुणी नाही, आणि खाली सावली. ती थोडी आक्रसली, झोपेत पांघरूण ओढलं गेल्यावर पोर आक्रसतं तशी.

तामिनताईनं खाली बघितलं. मला वाटलं ही आता तिला शिव्या देणार, ग्रीक शिपायांना द्यायची तशा. वर्षभर हिच्या पोरीला चाटून चाटून संपवणारी ती काळी गोष्ट. ती वाकली, तिनं मोकळा हात गुडघ्यावर ठेवला आणि बाजारात हरवलेल्या पोराला विचारतात त्या आवाजात विचारलं, "कुणाची गं तू, बाळा?"

सावली हलली नाही.

"हिला आपली बोली कळत नाही," तामिनताई त्याला म्हणाली. "तुम्ही बोला."

"मी?" डेमोफॉन म्हणाला. "बाई, मी मोजायला आलोय."

"मोजून झालं ना? आता बोला. तिला सांगा, घरी जा, आई वाट बघत असेल."

तो माझ्याकडे बघायला लागला, जसं काही मी त्याला सोडवणार होते. मी कशाला सोडवते? तेवढ्यात मला पुजाऱ्याचं बोलणं आठवलं आणि मी म्हटलं, "ताई, ही गेली तर नेबेतला कुठलीच उरणार नाही. परकी का होईना, एक आहे. अजिबात नसली तर पोर आज संध्याकाळसुद्धा..."

तामिनताईनं पोरीचा गाल आपल्या गळ्याशी दाबला. "तिकडे एक पोर अशीच विरत चालली असेल, सूनबाई," ती म्हणाली. "दुसऱ्याची धरून ठेवली तर आपली कुठल्या तोंडानं मागू? बोला हो पाहुणे. सूर्य काय तुमच्यासाठी थांबणार आहे?"

तो बोलला. आधी घसा खाकरून, चारचौघांत बोलावं तसा. मग आवाज खाली खाली येत गेला, आणि शेवटी तो गुडघ्यांवर बसून त्या सावलीच्या कानाशी असावं तसा बोलत होता. मला त्यातला एकच शब्द कळला. थालासा.

सावलीनं डोकं वळवलं. ते कुरळे केस वाळूवर फिरलेले मी पाहिले. मग ती सरकायला लागली, सांडलेलं तेल उताराला लागावं तशी, सावकाश, वाळूच्या प्रत्येक खळग्यात उतरत आणि चढत. उत्तरेला नाही, नदीला नाही. ती डेमोफॉनच्या चपलेशी आली आणि तिथं थांबली. त्याची भाषा बोलणारं तिथं तोच एक होता.

तेवढ्यात सूर्य कलला. पाण्याचा आवाज सुरू झाला. माझ्या टाचेशी माझी सावली आली, ताईच्या टाचेशी तिची. डेमोफॉन उभा राहिला तेव्हा त्याच्या पायाशी दोन होत्या. एक त्याची, पोट सुटलेली. दुसरी तिला बिलगलेली, लहान.

नेबेतचा पाय ताईच्या कडेवरून उन्हात लोंबत होता. त्याच्याखाली वाळूवर काही नव्हतं. ताईनं खांद्यावरचं वस्त्र ओढून तिला नखशिखांत झाकलं.

"ऐका," ती डेमोफॉनला म्हणाली. तिचा आवाज भट्टीवर गिऱ्हाइकाशी बोलताना असतो तसाच कोरडा होता. "तिकडे पोचलात की ही जिची आहे तिला द्या. आणि तिच्या पायाशी माझ्या नेबेतची असेल. डोकं तासलेलं, कानावर बट. तिच्याशी दाईच्या भाषेत बोला. म्हणावं, आईनं बोलावलंय. आणि दक्षिणेला येणाऱ्या पहिल्या नावेत बसवून द्या."

"बाई," तो म्हणाला, "मी कुणाला काय सांगू? गुरुजी विचारतील, सायीनला काय पाहिलंस?"

"सांगा, सावली नव्हती. खोटं थोडंच आहे ते?"

तो दुसऱ्याच दिवशी निघाला. नावेवर चटयांचं छत होतं, नावाडी बोलावत होते, "सावलीत बसा, पाहुणे, डोकं फुटेल." तो बसला नाही. अंगाची लाही होत असताना तो नावेच्या टोकाला उघड्या उन्हात उभा राहिला, छताच्या सावलीत ती लहानगी हरवू नये म्हणून. वळणाआड जाईपर्यंत आम्हाला तो दिसत होता. घाम पुसत, आणि मध्ये मध्ये खाली बघून काहीतरी बोलत.

मग नुसतं थांबणं आलं. ताईनं नेबेतला आतल्या खोलीत ठेवलं, दाराला दुहेरी चटई लावून. बिनसावलीचं अंग उन्हानं पाहिलं तर ते तिला पुसून टाकील अशी तिला धास्ती. बेटावरच्या बायका आमच्या बाजूनं पाणी भरायला येईनात. भाकऱ्या मी भाजायला लागले, आणि शिपाई म्हणाले, यात वाळू कमी आहे. नेबेत आता खेळतही नव्हती. निजलेली असायची. श्वास बघायला ताई तिच्या नाकाशी पिसाचा तंतू धरायची, आणि तो हलेपर्यंत स्वतः श्वास घ्यायची नाही.

"पखोम," तिनं एकदा माझ्या नवऱ्याला विचारलं, "अलेक्झांड्रिया किती लांब आहे रे?"

पखोम डोकं खाजवून म्हणाला, "तेच तर मोजत होता ना तो ग्रीक. पृथ्वीएवढी लांब नाही, ताई. तिची एक फोड."

"एक फोड," ती म्हणाली. "फोडसुद्धा फार झाली रे."

हिरवं पाणी जाऊन लाल पाणी आलं. नदी फुगून आमच्या घाटाच्या पायऱ्या एक एक गिळायला लागली. उत्तरेचा वारा धरून, शिडं फुगवून, खालच्या मुलखाच्या नावा यायला लागल्या. ताई प्रत्येक नावेला घाटावर जायची, फळ्या बघायची आणि परत यायची. लोक म्हणायला लागले, तामिनचं डोकं गेलं. तिला ते ऐकू यायचं. एकदा म्हणाली, "गेलं असेल. पोर राहिली म्हणजे झालं."

पुजारी दोनदा दारावरून गेला, आत न येता. दुसऱ्यांदा त्यानं मला हळूच विचारलं, पोरीला पुरायला कापड आहे का. मी त्याला म्हटलं, "पुजारीबाबा, मोठ्यानं बोलू नका, तिच्या हातात लाटणं आहे."

मग एका सकाळी पखोम घाटावरून धावत आला. "ताई! मेंफिसचा ओनोफ्री आलाय, द्राक्षाच्या दारूचे रांजण घेऊन. नावेवर बसून बोंबलतोय. चल आधी!"

ओनोफ्री म्हणजे जाडजूड, भांडकुदळ माणूस. तो नावेच्या पुढच्या फळ्यांवर हातात वाळू लावलेला चिंध्यांचा बोळा घेऊन बसला होता. "अहो, हा डाग बघा!" तो जो भेटेल त्याला सांगत होता. "अलेक्झांड्रियाला एक येडा ग्रीक आला, सोललेल्या नाकाचा. धक्क्यावर उभा राहून माझ्या नावेशी बोलत बसला, तेही आपल्या भाषेत, लाडीगोडीनं. म्हटलं उन्हाचा झटका आहे. तेव्हापासून हा डाग! घासला, धुतला, राख लावली. जात तर नाहीच, वर रोज सरकतो मेला. निघालो तेव्हा सुकाणूपाशी होता. आता बघा, पार पुढं नाळेपाशी येऊन बसलाय. माझी गडीमाणसं पुढं यायला तयार नाहीत."

ताई परत वळली. ती घरात गेली आणि नेबेतला वस्त्रात गुंडाळून घेऊन आली. वाटेत कुणी तिला अडवलं नाही. माणसं आपसूक भिंतीला चिकटली. फळीवरून ती नावेवर चढली. डाग नाळेच्या टोकाला, कोपऱ्यात अंग चोरून बसला होता. जवळून पाहिलं तेव्हा मला त्या काळ्यात गुळगुळीत डोकं दिसलं, आणि कानावरची बट.

ताईनं वस्त्र सोडलं. नेबेतला उन्हात, फळीवर उभं केलं. पोर उभीसुद्धा राहीना. गुडघे दुमडत होते, डोळे मिटत होते. ताईनं बगलेत हात घालून तिला धरून ठेवलं आणि त्या डागाकडे बघून ओरडली, "आता काय पाय धरू तुझे? कुठं उंडारत होतीस इतके दिवस? ये इकडे!"

डाग उठला. मी सांगते, मी पाहिलं. ओनोफ्रीनं पाहिलं, तो मागे सरकून रांजणावर आदळला. सावली फळीवरून धावतच आली, वाटेतल्या दोरखंडावरून वळसे घेत, आणि नेबेतच्या टाचांना येऊन लागली. नेबेतनं मोठा श्वास घेतला, पाण्याखालून वर आल्यावर घेतात तसा. तिचे गुडघे ताठ झाले. ताईच्या हातांना एकदम वजन लागलं, ते मला तिच्या खांद्यांवरून कळलं.

"आई," नेबेत म्हणाली, "भूक लागली."

घाटावरच्या बायका रडायला लागल्या. मीही. ताई मात्र फळीवर वाकून सावलीकडे बघत होती, तो अर्धा डोळा पुरता उघडून. नेबेतचे दोन्ही हात आईच्या मानेभोवती होते, मोकळे. पण सावलीचा एक हात बाजूला होता आणि त्या मुठीत काहीतरी लोंबत होतं. लहानसं गाठोडं. वर दोन टोकांची गाठ मारलेली, घाईघाईनं पण घट्ट, बायका मारतात तशी. कुणीतरी तिला एवढ्या लांबच्या वाटेसाठी शिदोरी बांधून दिली होती.

तामिनताई मटकन फळीवर बसली. वर्षभर न रडलेली बाई, आता पदरात तोंड खुपसून हमसून हमसून रडायला लागली.

"अगं आई गं," ती म्हणत होती, "आणि मी त्या पोरीला रिकाम्या हातानं धाडली!"